दर ओळीला ओदी

स्वतःच्या घरात शिरतानाही ते दारात थांबून "ओदी", येऊ का, असं म्हणायचे. आतून बायकोचं "ओदिनी" आल्याशिवाय उंबरा ओलांडायचे नाहीत.

चहात चार चमचे साखर. चौथा चमचा घालताना एकदा मागे वळून बघायचे.

पेन्सिल चाकूनेच तासायची. चुरा खिशात.

कंपाइल सुरू केलं की गळ्यातलं स्टॉपवॉच दाबायचे. शाळेच्या क्रीडादिनाचं जुनं स्टॉपवॉच, बुटाच्या नाडीत ओवलेलं.

आपली चूक निघाली की चष्मा काढून पुसायचे. चष्मा स्वच्छ असला तरी.

संध्याकाळी पाच वाजता काम थांबवायचे ते मुद्दाम अर्ध्या ओळीवर. पुरी ओळ झाली असेल तर पुढची अर्धी लिहून ठेवायचे. "सकाळी शोधत बसावं लागत नाही, कुठून सुरू करायचं ते," म्हणायचे.

आणि यंत्राने "ओदी" म्हटलं, की ते मोठ्याने "ओदिनी" म्हणायचे.

अलिनाफेला हे आठवावं लागत नाही. कार्यालयातल्या त्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं की दिसतंच.

मेडसन काडेवेरे. सगळे त्यांना बांबो, म्हणजे बाबा, म्हणत. झोंबा शहरातल्या शाळांमधून त्यांनी बावीस वर्षं गणित शिकवलं, आणि मग नोकरी सोडून एका भाषेच्या मागे लागले. भाषेचं नाव न्जिरा, म्हणजे वाट. यंत्राला कामं सांगण्याची भाषा. पण तिचे शब्द चिचेवातले, मुलं घरी बोलतात तेच. शाळेतल्या मुलीने लिहिलेला मजकूर कंपायलर वाचणार, यंत्राला कळेल असा करून देणार, आणि काही अडलं तर काय अडलं ते सांगणार. हा कंपायलर बांबोंनी न्जिरातच लिहिला होता. त्यामुळे त्यांची चूक झाली की तो त्यांनाही तितक्याच अदबीने सांगायचा. शिष्याने गुरूची वही तपासावी तसं.

अलिनाफे तिथे पोचली ती साहित्याची पदवी घेऊन. पदवीनंतर वर्षभर ती आईच्या उसिपाच्या टोपल्यांमागे बसली होती. सुक्या मासळीचा वास केसांतून जात नव्हता. पहिल्या दिवशी बांबोंनी तिला पडद्यावर दोन शब्द दाखवले. "चूक. ओळ १२."

"वाचून कसं वाटतं?"

"कुणीतरी थोबाडीत दिल्यासारखं."

"मी पहिली दहा वर्षं असंच शिकवलं," बांबो म्हणाले. "मुलं उत्तर विसरली. थोबाडीत लक्षात राहिली." मग त्यांनी तिच्याकडे निरखून बघितलं. "मासळी विकतेस ना?"

ती ओशाळली. "वास येतोय का?"

"येतोय. म्हणून तर विचारतोय. मासळी शिळी आहे हे गिऱ्हाइकाला कसं सांगतेस?"

"शिळी नसतेच आमची."

बांबो इतके हसले की बाहेरून पहारेकरी सायिदी डोकावला. "तुझी नेमणूक झाली," ते म्हणाले. "इथेही तेच करायचं. चूक सांगायची, पण गिऱ्हाईक उठून जाता कामा नये."

कंपायलरच्या तोंडी घालायला तिने लिहिलेला पहिला निरोप अर्धवट राहिलेल्या वाक्याचा होता. कुणी ओळ सुरू केली आणि शेवट करायचं विसरलं, तर त्याला काय म्हणायचं? तिने लिहिलं, "तुमचं वाक्य अपुरं आहे."

"नको," बांबो म्हणाले. "अपुरं म्हटलं की मुलगी समजते, आपल्यातच काहीतरी कमी आहे."

"मग, वाक्य राहून गेलं?"

"हे बरं. पण एकदम आत कशी शिरलीस? दुसऱ्याच्या ओळीत जातेयस. दारात उभं राहून आधी हाक नको का द्यायला?"

तीन दिवस त्यांनी त्या एका निरोपावर घालवले. शेवटी तो असा झाला: "ओदी. या ओळीवर तुमचं वाक्य सुरू झालं, पण संपलं नाही. पुढे काय म्हणायचं होतं?"

बांबोंनी तो वाचला. चष्मा काढला आणि पुसला.

दोन वर्षांत असे त्रेचाळीस निरोप झाले. प्रत्येकाच्या आधी ओदी. मग काय घडलं, कुठून आलं, वर कुठल्या ओळीत त्याचं मूळ आहे, आता काय करून बघावं. वडीलधाऱ्यांशी बोलावं तशा बहुवचनात. एका शाळेतल्या मुलीने पत्रात लिहिलं होतं, "मला आजवर इतक्या मानाने कुणी चूक दाखवली नाही. आमच्या घरी तर नाहीच." ते पत्र अलिनाफेच्या खणात आहे.

या दोन वर्षांत कंपायलर मात्र मंद होत गेला. पूर्वी एका मुलीचा छोटासा मजकूर कंपाइल व्हायला पाऊण मिनिट लागे. मग दोन मिनिटं. मग चार. कंपायलरचीच नवी बांधणी करायची तर दुपार जाई. सगळे म्हणत, यंत्रंच म्हातारी आहेत, कुणीतरी टाकून दिलेली, दान आलेली. बांबोही तेच म्हणत. बांधणी सुरू केली, स्टॉपवॉच दाबलं, की ते अंगणातल्या निलगिरीखाली सायिदीसमोर जाऊन बसत. मध्ये बावोचा पट, चार ओळींचे खळगे, त्यांत बिया. मूठभर बिया उचलायच्या आणि एकेका खळग्यात एकेक टाकत जायचं.

सायिदीची जीभ बियांपेक्षा जास्त चाले. "बांबो, तुमचं यंत्र गाभण आहे की काय? दोन डाव झाले, अजून विण्याचं नाव नाही."

"तू खेळ. बोलून डाव जिंकता येत नाही."

"मी जिंकतोच आहे. तुम्ही आत लक्ष ठेवून खेळता. एक डोळा बियांवर, एक खिडकीवर. अल्लाने दोन डोळे काय असे वाटून टाकायला दिलेत?"

जुलैत चिपेरोनी उतरली. डोंगरावरून येणारी ती बारीक गार झिमझिम आठ-आठ दिवस हटत नाही. त्याच आठवड्यात नांग्वाले मॅडम आल्या. शाळांशी बोलणी, पैसा, परवानग्या, सगळं त्यांच्याकडे. कोट न काढताच त्या बसल्या.

"सहा मिनिटं," त्या म्हणाल्या. "एक मजकूर कंपाइल व्हायला सहा मिनिटं लागतात. चाळीस मिनिटांचा तास, एका यंत्रावर चार मुली. तुम्ही गणिताचे मास्तर आहात बांबो, मी काय सांगू? एकेकीला दीड संधी मिळते. दीड! शिक्षिका म्हणतात, मुली वाट बघत स्वेटर विणतात."

"स्वेटर चांगला होतो का?"

"हसू नका. सप्टेंबरमध्ये शाळा उघडतात. एका मिनिटाच्या आत आणा, नाहीतर अकरा शाळा न्जिरा सोडून देणार आहेत. लेखी कळवलंय."

बांबो हसायचे थांबले.

पुढचे दहा दिवस त्यांनी कंपायलरच्या एकेका टप्प्याला स्टॉपवॉच लावलं. वाचायला किती, समजून घ्यायला किती, यंत्राच्या भाषेत मांडायला किती. अकराव्या दिवशी ते गप्प झाले. बाराव्या दिवशी सायिदीकडून लागोपाठ तीन डाव हरले. सायिदी हरखला नाही. तो अलिनाफेला म्हणाला, "यांना काहीतरी झालंय. मी चुकीचा खळगा उचलला, तरी भांडले नाहीत."

तिने तळलेल्या गोड मंदाझी आणल्या आणि त्यांच्यासमोर ठेवल्या. बांबोंनी हात लावला नाही.

"पोरी," ते म्हणाले, "उशीर तुझ्या वाक्यांमुळे होतोय."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. कानाच्या पाळ्या तापल्या.

"परवा मी सगळे निरोप काढून बघितले," ते म्हणाले. "चाळीस सेकंदं लागली. परत घातले, सहा मिनिटं."

"दोन दिवस माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

"आणि मी रोज समोर बसून त्रेचाळिसावा निरोप घासत होते."

"ऐक. वाक्यं तुझी आहेत, चूक माझी आहे." त्यांनी चष्मा काढला. "मी सुरुवातीला असं ठरवलं होतं की चूक झाली की निरोप तयार हवा. मूल रडायला लागल्यावर औषध शोधायला जायचं नाही, खिशातच पाहिजे. म्हणून मी कंपायलरला शिकवलं: प्रत्येक ओळीसाठी निरोप आधीच लिहून ठेव, कुठून काय आलं त्याच्या सगळ्या हकिगतीसकट. लागला तर दाखव, नाही लागला तर टाकून दे. तेव्हा निरोप दोन शब्दांचे होते. काहीच वाटलं नाही."

"आणि आता?"

"आता तो हजार ओळींच्या हजार दारांत उभा राहतो. प्रत्येक दारात ओदी म्हणतो, घरच्यांची चौकशी करतो, लांबलचक बोलणं जुळवतो. आणि आत सगळं ठीक असलं की काही न बोलता पुढच्या दारात. मी तुम्हाला माणुसकी शिकवली म्हणे. साधं हे सुचलं नाही, की काम असेल त्याच दारात हाक द्यायची असते."

अलिनाफेला हसू आलं. रडूही आलं. तिने एक मंदाझी उचलून त्यांच्या हातात कोंबली. "खा. थंड झाली."

नांग्वाले मॅडमना ते कळलं तेव्हा त्यांचं उत्तर तयारच होतं. "मग काढून टाका. ओळीचा आकडा दाखवा, बास. शाळा तरी वाचतील."

"निरोप काढले तर शाळा वाचून काय करायच्या?" बांबो म्हणाले.

"बांबो, हे बोलायला गोड आहे."

"मी त्याला नवीन वळण लावतो. चूक झाली तरच निरोप जुळवायचा. त्रेचाळीस जागा आहेत, प्रत्येक हाताने बदलावी लागेल. पुढच्या शुक्रवारपर्यंत वेळ द्या."

मॅडमनी अलिनाफेकडे बघितलं. बहुधा पहिल्यांदाच नीट. "तुझी दोन वर्षं यात गेलीत, नाही का?" त्या म्हणाल्या. मग उठल्या. "शुक्रवार. शनिवारी मी स्वतः काढून टाकीन. मला येत नाही, पण शिकून काढीन."

दोघं कामाला लागली. कामाची पद्धत बांबोंची. आधी अलिनाफेने निरोप मोठ्याने वाचायचा. मग बांबो विचारणार, हा केव्हा लागतो, हकिगत कुठून गोळा करावी लागेल. मग एक ओळ, कधी चार. प्रत्येक जागेची सुरुवात तीच: "जर चूक झाली, तर". पुढचं प्रत्येकाचं निराळं.

"सगळ्यांना एकदम नाही का लावता येणार?" तिने विचारलं.

"प्रत्येक दाराची कडी वेगळी आहे."

"तुम्हाला वाचून घ्यायला आवडतं, एवढंच."

"तेही आहे."

दहा जागा झाल्यावर स्टॉपवॉच पाच मिनिटांखाली आलं. वीसनंतर तीन मिनिटं चाळीस. आता सायिदीची कुरकुर सुरू झाली. "डाव अर्धा राहतोय, बांबो. बिया हातात असताना तुम्ही उठून जाता. ही कसली प्रगती?"

"तू लवकर हरायला शीक."

मंगळवारी संध्याकाळी तीस जागा पुऱ्या झाल्या. एक मिनिट पन्नास सेकंद. बांबोंनी स्टॉपवॉच अलिनाफेला दाखवलं, सायिदीला दाखवलं, आणि बाहेर येऊन झिमझिमीत उभ्या असलेल्या बकरीलाही दाखवलं. मग घड्याळात बघितलं. पाच.

ते आत गेले, एकतिसाव्या जागेवर अर्धी ओळ लिहिली, आणि टोपी घातली.

"पुरी करून जा ना," ती म्हणाली. "एवढ्या लगबगीत तरी."

"मग सकाळी काय शोधत बसू?" ते म्हणाले. "उद्या मक्याच्या पेजेचं थोब्वा घेऊन येतो, बायकोने केलंय. तुझा डबा आणू नकोस."

बुधवारी ते आले नाहीत.

नऊला अलिनाफेने वाट बघितली, दहाला दारात जाऊन उभी राहिली. साडेदहाला सायिदी फाटकातून आत आला. त्याने टोपी काढली होती. सायिदी टोपी कधी काढत नाही. तिला तेवढ्यानेच कळलं, तरी ती म्हणाली, "काय झालं?"

"पहाटे," तो म्हणाला. "उठून बसले, पाणी मागितलं. ती पाणी घेऊन आली तोवर..." त्याने हात उघडा केला. हातात काही नव्हतं.

चिनामवाली वस्तीतल्या त्यांच्या घरी अंगणात पुरुष, आत बायका. अलिनाफे कमरेला चितेंजेचं कापड गुंडाळून भिंतीला टेकून जमिनीवर बसली. गाणी चालू होती. तिला सगळी पाठ होती, ती नुसते ओठ हलवत राहिली. कुणीतरी मक्याच्या पिठाची न्सिमा आणि घेवडा आणून दिला, ते तसंच राहिलं. ती दारात आली तेव्हा तिने "ओदी" म्हटलं होतं, आणि आतून "ओदिनी" म्हणणारी त्यांची बायको होती. नंतर ती अलिनाफेजवळ सरकली.

"स्वतःच्या घरात हाक देऊन यायचे," ती म्हणाली. "मी हसायचे. म्हणायचे, अहो, घर तुमचंच आहे. तर म्हणायचे, पण आत तू आहेस ना." तिने चितेंजेच्या गाठीतून स्टॉपवॉच काढलं. "हे तुमच्याकडचं आहे. घेऊन जा. इथे नुसतं टिकटिकतं."

ते टिकटिकत नव्हतं. थांबलेलं होतं. अलिनाफेने ते गळ्यात घातलं.

सोमवारी नांग्वाले मॅडम आल्या. या वेळी त्यांनी कोट काढून ठेवला. मग बांबोंच्या खुर्चीशेजारच्या खुर्चीत बसल्या.

"मी शनिवारी आले नाही," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे."

"पण शाळा थांबणार नाहीत, अलिनाफे. हे काम बांबोंशिवाय कुणाला येत नाही. नवीन माणूस मिळायला वर्ष जाईल." त्या सावकाश बोलत होत्या. "त्यांनी केलेल्या तीस जागा आहेत तशा ठेवू. उरलेल्यांना ओळीचा आकडा लावू. मी हिशोब केलाय, मिनिटाच्या आत बसतं. तुझे तेरा निरोप कुठेतरी जपून ठेव."

अलिनाफेने मान हलवली. ओरडावंसं वाटलं नाही. तीस राहत होते. तीस म्हणजे, बांबो ज्या दारापर्यंत पोचले तेवढे.

"एक विचारायचंय," मॅडम म्हणाल्या. "तीस पुरे झालेत. एकतिसावा त्यांनी सुरू केलाय म्हणतात. तो ठेवायच्यांत धरायचा की काढायच्यांत?"

"बघते," ती म्हणाली.

तिने बांबोंचं यंत्र चालू केलं. मंगळवारी पाच वाजता होतं तसंच सगळं समोर आलं. एकतिसावी जागा. त्यांनी लिहिलेलं:

"जर चूक झाली, तर"

बस्स. पुढे काही नाही.

तिला ही भाषा लिहिता येत नव्हती. बांधणी कशी सुरू करायची तेवढं रोज बघून माहीत होतं. तिने सुरू केली. गळ्यातलं स्टॉपवॉच आपोआप दाबलं गेलं. सायिदी खिडकीशी येऊन उभा राहिला. बाहेर निलगिरीखाली पट तसाच होता, त्याने बिया हलवल्या नव्हत्या.

फार वाट बघावी लागली नाही. पडद्यावर अक्षरं उमटली. तिचीच होती, दोन वर्षांपूर्वीची, तीन दिवस घासलेली.

"ओदी. या ओळीवर तुमचं वाक्य सुरू झालं, पण संपलं नाही. पुढे काय म्हणायचं होतं?"

खाली बांबोंची ओळ. "तर"च्या पुढे मोकळी जागा.